दाखवायची बाजू

संपादकांनी फोनवर सांगितलं, "नामदेवशेठ, आमच्या वाचकांना जनावरांच्या बाजारातल्या गमती सांगा. फसवाफसवी, भांडणं, नमुनेदार गिऱ्हाइकं." मी हो म्हणालो. पण कागद पुढे घेतला तर गाई-बैलांच्या आधी मला मूळव्याधच आठवायला लागली. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

मला मूळव्याध नाही. कधी नव्हती. पण गेल्या उन्हाळ्यात काष्टीच्या बाजारात सगळ्यांना माहीत होतं, की नामदेवशेठला मूळव्याधीनं घेरलंय आणि उपचाराला त्याला नगरला जावं लागतंय. ही बातमी मीच सोडली होती. खरं कारण सांगण्यापेक्षा मूळव्याध सांगायला मला कमी लाज वाटत होती. खरं कारण असं, की चोपन्नाव्या वर्षी, दलाली सोडून, शिल्पकलेच्या कॉलेजात नाव घालावं की नाही, हे माझ्या डोक्यात घोळत होतं.

ज्यांनी जनावरांचा बाजार फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विकणारा आणि घेणारा यांना एका दोरीला बांधायचं, एवढंच माझं काम. जनावर माझं नाही, पैसाही माझा नाही. माझी फक्त जीभ आणि खांद्यावरचा टॉवेल. भाव तोंडानं बोलायचा नसतो. समोरच्याचा हात टॉवेलखाली घ्यायचा आणि त्याची बोटं धरायची. किती धरली, किती सोडली, त्यावरून आकडा ठरतो. तोंडानं आम्ही कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत असतो. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच टॉवेल.

दात बघून वय कसं सांगायचं, वशिंडावरून ताकद कशी ओळखायची, हे तुम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडेल. पुस्तकात नसते ती दाखवायची बाजू. प्रत्येक जनावराला ती असते. एखाद्या बैलाच्या डाव्या मांडीवर गाठ असते, एखाद्याचं उजवं शिंग उतरतं असतं, एखाद्या गाईचा पलीकडचा सड बारीक असतो. उजाडायच्या आत जनावर खुंट्याला असं बांधायचं, की चांगली बाजू गिऱ्हाइकाकडे आणि दुसरी भिंतीकडे. विचारलं तर खोटं बोलायचं नाही. न विचारता दाखवायचं नाही. एवढ्या नियमावर, दुसऱ्याची गुरं अनवाणी हाकणाऱ्या नाम्याचा मी नामदेवशेठ झालो. कुणाच्या शिफारशीनं नाही, कुणाच्या उपकारानं नाही. हे सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं पुढं जाववत नाही.

आता माती. लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद झाले आणि मी घरात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरायला लागलो. पोळ्याला शालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, मातीचे बैल आणले. साच्यातले. ते बघून माझं डोकंच फिरलं. तसेच उचलून कुंभाराकडे गेलो.

"हे बैल हायेत का कुत्री?" मी म्हणालो.

"शेठ, बाजार बंद हाय म्हनून माझ्यावर तोंड सोडता व्हय?" कुंभार म्हणाला आणि त्यानं मातीचा एक गोळा माझ्या पायाशी टाकला. "ही माती. करा तुमीच, आन् मग बोला."

मी माती घेऊन आलो. फुकट, हे नोंदवून ठेवतो.

पहिला बैल केला आणि मीच गप्प झालो. वशिंडाचा उतार, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीची घडी, मागच्या पायाचा बाक, सगळं बोटांना पाठ होतं. इतकी वर्षं हातानं चाचपलेली जनावरं हातातून परत बाहेर पडत होती. गोठ्यात भिंतीला लावलेली एक फळी होती, तिच्यावर मी एकेक बैल उभा करत गेलो. लोक बघायला यायला लागले. साथ संपली, बाजार सुरू झाला, पण माझा हात मातीतून निघेना.

मग ती गोष्ट झाली, जी आजही आठवली की माझ्या कानशिलात आग होते. आमच्या भागातल्या एका संस्थेनं फाटकाशी बैलजोडीचा पुतळा उभा करायचं ठरवलं. त्यांचे अध्यक्ष माझ्या गोठ्यात आले, फळीवरचे बैल बघून हरखले. "शेठ, ह्येच्यावानी बैल करनारा अख्ख्या तालुक्यात न्हाई," असं त्यांच्या तोंडचं वाक्य आहे. मी नमुना करून दिला. आणि काम गेलं शहरातल्या एका शिल्पकाराला. मी विचारायला गेलो तर अध्यक्ष म्हणाले, "त्याच्याकडं डिप्लोमा हाय. तुमच्याकडं काय कागद हाय? उद्या कुनी विचारलं तर मी काय दाखवू, तुमचा टॉवेल?"

तिथं बसलेले सगळे हसले. मी खुर्ची उलटवून निघून आलो. पुतळा झाल्यावर मी रस्त्यावरून जाताना गाडी हळू करून बघायचो आणि बाजारात सांगायचो, "वशिंड दोन बोटं मागं बसवलंय. बैल हाय का उंट?" लोक हसायचे. मला थोडं बरं वाटायचं. पण तो कागद काही डोक्यातून जाईना. माझ्या कॉलेजच्या विचाराचं मूळ हे असं आहे. कलेची ओढ वगैरे म्हणालो असतो तर वाचायला बरं वाटलं असतं.

तर, सगळ्यात चांगला बैल ओल्या पोत्यात गुंडाळून मी नगरला गेलो. कॉलेजच्या खिडकीत एक क्लार्क होता.

"काका, पालकांनी तिकडे बाकावर बसायचं," तो वर न बघता म्हणाला.

"पालक न्हाई मी. मलाच नाव घालायचंय. वयाची काही अट?"

त्यानं आता वर बघितलं. "वरची अट नाही. म्हणजे, कुणी येतच नाही, म्हणून ठेवली नसेल."

"आन् शिकायचं किती वर्षं?"

"चार. आणि शनिवारीसुद्धा वर्ग असतात."

शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. "चार लई झाली," मी म्हणालो. "माझा हात तयार हाय. काहीतरी कमी करा."

"काका, इथे कमी-जास्त होत नसतं."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. ते म्हणणारा प्रत्येक माणूस शेवटी कमी करतो. तेव्हा जे बाजारात करतो ते माझ्या हातांनी आपोआप केलं. खांद्यावरचा टॉवेल खिडकीच्या फळीवर टाकला, खालून त्याचा हात धरला, चार बोटं दाबली, दोन सोडली आणि तोंडानं म्हणालो, "यंदा नगरला ऊन लई."

क्लार्क ताडकन उभा राहिला. "मॅडम! ओ मॅडम! हा माणूस बघा, मला लाच देतोय!"

"लाच न्हाई!" मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो. "वर्षं कमी करतोय!"

पोरं-पोरी गोळा झाली. टॉवेल उचलून झटकला, आत काही नाही हे दाखवलं, तरी त्याचा विश्वास बसेना. आतून एक बाई आल्या, कोपरापर्यंत मातीनं भरलेल्या. वैद्य मॅडम. शिल्पकला शिकवतात, वयानं माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीएवढ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काखेतल्या पोत्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्यात काय आहे?"

मला वाटलं, आता आपली वेळ आली. त्यांच्या वर्गात एका टेबलावर मी पोतं सोडलं. पोरं भोवती उभी होती. एक जण म्हणाला, "भारी आहे राव." दुसऱ्यानं मोबाईलवर फोटो घेतला. मॅडम वाकून बघत होत्या. डोळा, नाकपुडी, वशिंड. त्या मान हलवत होत्या आणि मी मनातल्या मनात अध्यक्षांना बोलावून तिथं उभं करत होतो. मग त्यांनी बैल उचलून एका फिरत्या पाटावर ठेवला आणि पाटाला हलकेच बोट लावलं.

बैल फिरला.

त्या बाजूला पाय दोन नव्हतेच, सगळी मिळून एक मातीची भिंत होती. बरगड्यांच्या जागी माझ्या अंगठ्याचे ठसे होते. आणि डोळा नव्हता. होता तो नुसता सपाट गोळा.

मॅडमनी विचारलं, "याचा दुसरा डोळा?"

मी काय बोललो ते लिहितानाही मान खाली जाते. मी म्हणालो, "ती बाजू गिऱ्हाइकाकडं नसती."

पोरं हसली. वाईट हसू नव्हतं ते, विनोद झाला असं समजून हसली. पण मी विनोद केला नव्हता. मला खरोखर तेवढंच माहीत होतं. फळी भिंतीला लावलेली. बैल एक कूस भिंतीकडे करून उभे. मी एका बाजूला बसून करायचो आणि त्याच बाजूनं दाखवायचो. तीस वर्षांत जनावर उभं करायची जी सवय हाताला लागली, तीच मातीत उतरली होती आणि मला पत्ता नव्हता.

मॅडम हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही जनावर विकत घेता तेव्हा कुठल्या बाजूनं बघता?"

"घेताना चारी बाजूनं बघतो. पोटाखालनंबी."

"मग करतानासुद्धा घेणाऱ्यासारखं बघा ना. विकणाऱ्यासारखं कशाला?"

असली वाक्यं शिकलेल्या माणसांना सुचतात. मला राग आला. खरं म्हणजे शरम वाटली, पण माझी शरम बाहेर पडताना नेहमी रागाच्या दारानं पडते. "तुमाला बैलातलं काय कळतं?" मी ओरडलो.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "मला मातीतलं थोडं कळतं."

मी बैल हिसकून उचलला. पुढचा एक पाय तुटून पाटावरच राहिला. तो घ्यायला हात पुढे करावा इतकंही धैर्य मला झालं नाही. दारातून बाहेर पडताना मॅडमचा आवाज आला, "प्रवेश शनिवारपर्यंत आहेत."

घरी आलो तो सरळ गोठ्यात. फळीवरचे सगळे बैल एकेक करून फिरवले. शालन धारेची चरवी घेऊन दारात उभी राहिली.

"काय केलं हे?" ती म्हणाली. "समदं काणं उलटं करून ठिवलं?"

मी वळलो. "काणं? तुला ठावं हुतं?"

"म्या रोज फडकं मारती त्यांच्यावर. दिसनार न्हाई व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं चरवी खाली ठेवली. "बोलले आस्ते तर फळीच उखडून टाकली आस्ती तुमी. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं तर ताट कुठं गेल्तं? म्हनलं, आसंल त्यांची रीत. कशाला उगं."

मूळव्याधीचं खोटंही मग आपोआप बाहेर पडलं. रोज सुरण, रोज ताक करून घालणाऱ्या बाईला आता आणखी काय लपवायचं? ती रागावली नाही. तिनं सरळ विचारलं, "तो पुतळेवाला ऱ्हाऊ द्या. कागद ऱ्हाऊ द्या. तुमाला सोताला जायाचंय का?"

"विचार करतो," मी म्हणालो.

"हां," ती चरवी उचलत म्हणाली. "बाजारात 'विचार करतो' म्हनलं म्हंजी काय, ते मला ठावं हाय." बाजारात 'विचार करतो' म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नसतं.

दुसऱ्या दिवशी कामाचं निमित्त करून मी त्या पुतळ्याकडे गेलो. आजवर गाडीतून बघितला होता, खाली कधी उतरलो नव्हतो. उतरलो आणि मागच्या बाजूला गेलो. मागं नाला आहे, तिथं शेळ्यांशिवाय कुणी फिरकत नाही. माझी खात्री होती की मागचा बैल पोकळ असणार, नाहीतर नुसता ओबडधोबड. तसं असावं अशी माझी फार इच्छा होती.

मागच्या बैलाच्या शेपटीचा गोंडा पोटावर आपटलेला होता. माशी हाकलताना आपटतो तसा. आणि जिथं गोंडा लागला होता तिथली कातडी थरथरल्यासारखी किंचित सुरकुतली होती. नाल्याच्या बाजूला. जिथं कुणी बघणार नाही. मी तिथं उन्हात उभा राहिलो आणि इतक्या लोकांना सांगितलेला तो उंटाचा विनोद मला एकट्यालाच परत ऐकू आला.

वशिंड मात्र दोन बोटं मागंच आहे. तेवढं मी सोडणार नाही. आणि नमुना माझा घेऊन काम दुसऱ्याला दिलं, तेही नाही.

शुक्रवारी इसाकभाई घरी आला. इसाकभाई म्हणजे माझा बाजारातला जोडीदार, आमचे खुंट शेजारी. उद्या राहुरीकडचं एक मोठं गिऱ्हाईक खिल्लार जोडीसाठी येणार होतं, त्याची बोलणी करायची होती. त्याच्या हातात कसल्याशा मुळ्यांची पुडी होती.

"खर्ड्याला गेल्तो," तो म्हणाला. "तिथं एक वैद्य हाय, मूळव्याधीवर लई गुण त्याचा. ही उगाळून घ्यायची, आन् मिरची बंद."

खर्डा आमच्यापासून जवळ नाही. मी त्याला सगळं सांगितलं. कॉलेज, बैल, डोळा, सगळं. तो ऐकत राहिला आणि हातातल्या पुडीकडे बघत राहिला.

"नामा," तो शेवटी म्हणाला, "ह्यापरीस मूळव्याध परवडली."

"हस, हस."

"हसत न्हाई. वैद्य म्हनला, पेशंट पाहिजे, तपासल्याबिगर औषिद देत न्हाई. मग म्या म्हनलं, मलाच हाय. त्यानं मला आडवा पाडून तपासलं रं!"

शालन आतून हसायला लागली. इसाकभाईही हसला, पण लगेच थांबला. "म्या तुझ्यासाठी तितवर गेलो, आन् तू मला खरं सांगितलं न्हाईस. म्या काय हसलो आस्तो?"

"हसला आस्तास."

"व्हय, हसलो आस्तो," तो म्हणाला. "मग? हसून झाल्यावर ऐकलं आस्तंच की." तो उठला. "उद्याच्या जोडीचं म्या बघतो. तू ये, न्हाईतर जा. फक्त आज सांग, म्हंजी मला खुंट तसा लावाया यील."

त्याला मी 'विचार करतो' म्हणू शकलो नाही. पण दुसरं काही बोलूही शकलो नाही. तो वाट बघून निघून गेला. पुडी ओट्यावरच राहिली.

रागाच्या भरात निर्णय घ्यायची मला सवय आहे. राग असला की माझी पावलं आपोआप पडतात. पण नाल्यापाशी उभा राहिल्यापासून तो नेमका राग कमी पडत होता. पुतळ्याचं काम मिळावं म्हणून जाणं आता पोरकट वाटत होतं. आणि दुसरं कारण, म्हणजे मला बैलाची दुसरी बाजू करता येत नाही आणि करायची आहे, हे मोठ्यानं म्हणायला मूळव्याधीपेक्षाही जड जात होतं.

शनिवारी सकाळी शालननं डबा भरून दिला, कुठं चाललात ते विचारलं नाही. फाट्यावर गाडी थांबवली. एका अंगाला काष्टी, दुसऱ्या अंगाला नगर. जनावरं भरलेले टेम्पो बाजाराकडे चालले होते, ओळखीचे ड्रायव्हर हात करत होते. एकानं विचारलं, "शेठ, आज बाजार न्हाई?" मी म्हणालो, "न्हाई." शब्द तोंडातून निघून गेला. मग गाडी वळवली.

कॉलेजच्या खिडकीपुढं रांग होती. शेवटचा दिवस. माझ्या मागं एक बाई लेकीला घेऊन उभ्या होत्या, पारनेरच्या बाजूच्या. लेकीच्या हातात चित्रांची मोठी गुंडाळी. बाईंना बोलायची हौस होती.

"तुमचा मुलगा का मुलगी?"

आणि मी, नाल्यापासून फाट्यापर्यंत सगळं आवरून आलेला मी, पटकन म्हणालो, "मुलगा." मला मुलगा नाही.

"कसा आहे चित्रात?"

"हात बरा हाय. डोकं तापट."

"आमच्या हिचे वडील नको म्हणत होते. यात पोट भरतं का, म्हणाले. तुम्ही बरे स्वतः आलात त्याच्यासाठी."

"त्याचं त्याला ठरवता येत नव्हतं," मी म्हणालो. खोटं एवढ्या सहज निघत होतं की थांबवायचं कुठून ते कळेना.

"आलाय कुठं तो?"

"येईल."

रांग पुढं सरकली. बाई गेटाकडे बघत राहिल्या, तापट पोरगा कसा दिसतो ते बघायला. त्यांची लेक मात्र गुंडाळी छातीशी धरून माझ्या नखांतल्या मातीकडे बघत होती. मी हात पाठीमागं घेतले.

खिडकीत तोच क्लार्क होता, याही वेळी वर न बघता लिहीत. "नाव?"

"नामदेव."

"विद्यार्थ्याचं सांगा. आणि त्याला पुढं करा, सही लागेल."

मागं बाई गेटाकडे मान उंचावून म्हणाल्या, "अहो, लवकर बोलवा त्याला, नंबर आला." मला मागं वळून त्यांच्या तोंडाकडे बघायचं धैर्य नव्हतं. मी पाठीमागचे हात पुढं आणले, खिडकीच्या फळीवर ठेवले आणि म्हणालो, "आलाय तो. सही कुठं करायची?"